माझं नाव का घेतलं नाही?

वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत: सेवा तर करतो, पण मनाला स्वस्थता नाही. नावं आणि गावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, आणि लांब पत्रांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रिय ताई, ख्रिस्तात सलाम. लग्न होऊन या मंडळीत, म्हणजे इथल्या चर्चमध्ये, आले तेव्हापासून प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीची, तयारी मी करते. पेले धुणं, कोरडे पुसणं, पांढरं कापड इस्त्री करणं, उपासनेनंतर सगळं मोजून कपाटात ठेवणं. मंडळीच्या वर्धापनदिनी पाळकसाहेबांनी आभार मानले. क्वायर, संडे स्कूल, पंच, मंडपवाले, माइक लावणारी मुलं, सगळ्यांची नावं आली. माझं आलं नाही. घरी येऊन रडले. मग रडण्याचीच लाज वाटली. प्रभूसाठी करते म्हणायचं आणि नावासाठी रडायचं! माझी सेवा खोटी होती का?

भगिनी, खोटी नव्हती. इतकी वर्षं कुणी न सांगता केलेलं काम एका संध्याकाळच्या रडण्यानं खोटं ठरत नाही. तुम्ही त्या मंडळीला आपलं घर मानता, म्हणून दुखलं. परक्या घरी कुणी नाव विसरलं तर कोण रडतं?

आधी मंडळीविषयी बोलते. अशा वेळी सगळा उपदेश दुखावलेल्या माणसालाच केला जातो, ते मला पटत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा. नावांची जंत्री म्हणून आपण तो भराभर उलटतो. ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलानं तिथे वीसहून अधिक जणांना नावानिशी सलाम सांगितला आहे. त्याआधी फिबीची ओळख करून दिली आहे, ती किंख्रियातल्या मंडळीची सेविका. मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस या चौघींनी श्रम केले, असं तो आवर्जून लिहितो. कसले श्रम, ते सांगत नाही. रूफाच्या आईबद्दल म्हणतो, ती माझीही आई. ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं स्वरूप घेतलं, हे फिलिप्पैकरांना लिहिणारा तोच पौल. श्रम करणाऱ्यांची नावं घेतल्यानं त्यांची नम्रता बिघडेल, अशी भीती त्याला वाटली नाही. तेव्हा तुमचं नाव राहून गेलं ही चूक मंडळीची आहे. आभाराची यादी करणाऱ्याला व्यासपीठावरून जे दिसतं तेच आठवतं, आणि पेले धुतले जातात मागच्या खोलीत.

हे पाळकसाहेबांना सांगायला हरकत नाही. टोमणा नको, चार लोकांत नको. 'साहेब, त्या दिवशी प्रभुभोजनाच्या तयारीचं राहून गेलं,' एवढं एक वाक्य पुरे. तुमच्याबरोबर कुणी हात लावत असेल तर तिचं नाव आधी सांगा. मनात ठेवून वर्षभर कुढण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ.

आता तुमच्या मनाचं. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो, ते आपल्याला पाठ असतं. पण योहान थेट घंगाळापासून सुरुवात करत नाही. पित्यानं आपल्या हाती सर्व काही दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे येशूला ठाऊक होतं, असं तो आधी लिहितो. हे तिसरं वचन. मग चौथ्या वचनात येशू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो. त्याच भोजनाच्या वेळी आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांचा वाद झाला, असं लूक सांगतो. आपण मोठे आहोत की नाही याची ज्यांना खात्री नव्हती, त्यांच्यातला एकही घंगाळाकडे गेला नाही. आपण कुणाचे आहोत हे ज्याला ठाऊक होतं, तो उठला. त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय त्यानं धुतले. यहूदाच्या मनात काय चाललं आहे हे कळत असतानाही धुतले.

मी आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यांत परिचारिका होते, पुढे परिचारिकांना शिकवलं. नव्या मुलींच्या हाती पहिल्यांदा बेडपॅन देण्याआधी हे तिसरं वचन मी वाचून दाखवत असे. ते काम करताना मुली दोन तऱ्हांनी बिघडतात. काही जणी खचतात, 'यासाठी शिकले का?' म्हणतात. काही जणींना उलट आपण किती त्यागी याची धुंदी चढते, आणि या दुसऱ्या मुलींना रुग्ण जास्त घाबरतात. तिसरं वचन जिच्या मनात मुरलं, ती काम करून हात धुते आणि पुढच्या खाटेकडे जाते.

त्या रात्री कुणी तरी तुम्हाला 'आम्ही निरुपयोगी दास आहोत' हे वचन ऐकवलं, असंही तुम्ही लिहिलं आहे. लूकच्या सतराव्या अध्यायातलं ते वाक्य प्रभूनं दासाच्या तोंडी दिलं आहे, स्वतःबद्दल म्हणण्यासाठी. ते दुसऱ्याच्या अंगावर टाकायची मुभा कुणालाच दिलेली नाही. दुसऱ्याच्या श्रमांविषयी बोलायचं तर इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं दहावं वचन आहे: तुमचं काम आणि तुम्ही दाखवलेली प्रीती विसरायला देव अन्यायी नाही.

एक काम सुचवते. मंडळीतल्या एखाद्या तरुण मुलीला बरोबर घ्या, सगळं नीट शिकवा आणि महिनाभर कपाटाची किल्ली तिच्याकडे द्या. पेले ती वेगळ्या क्रमानं लावेल, कापडाची घडी तिरकी पडेल. ते बघून किती जीव वरखाली होतो, ते पाहा. आभाराच्या यादीपेक्षा ही किल्ली तुम्हाला तुमच्या मनाविषयी जास्त सांगेल. जे दिसेल ते प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवा.

आमचा तरुण संघ दवाखान्यात जाऊन गरजूंना वस्तू वाटतो. फोटो ग्रुपवर टाकतो, त्यामुळे इतरांना प्रेरणा मिळते. काही वडीलधारे म्हणतात, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. कोणाचं बरोबर?

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, तुमची सत्कर्मं लोकांना दिसू द्या, म्हणजे ते पित्याचं गौरव करतील. सहाव्यात म्हणतो, दान गुप्तपणे करा. एकाच प्रवचनातली ही दोन्ही वचनं आहेत, तेव्हा वडीलधाऱ्यांबरोबर बसून दोन्ही वाचा. माझी हरकत मात्र त्याच्याही आधीची आहे. खाटेवरच्या माणसाला कुणी विचारलं का? कॅमेरा वळला की भिंतीकडे तोंड करणारे रुग्ण मी पाहिले आहेत. हातात वस्तू पडलेली असते, त्यामुळे नको म्हणायचीही त्यांना चोरी. रुग्णांचे चेहरे टाकणं आजच बंद करा. वर्गणी देणाऱ्यांना हिशेब हवा असेल तर पावत्यांचे फोटो टाका. आणि पुढच्या वेळी निम्म्या खाटांपाशीच जा, पण प्रत्येक खाटेशी स्टूल ओढून बसा.

ताई, मी कॉलेजात शिकतो. मला गाता येतं, वाद्यही वाजवतो. उपासनेत गायन चालवायला सांगितलं की मी 'मी पात्र नाही' म्हणून मागे राहतो. सगळे माझ्या नम्रतेचं कौतुक करतात. पण ते कौतुक मला आवडतं, आणि हे कळल्यापासून मी अस्वस्थ आहे.

बाळा, ही अस्वस्थता चांगली आहे, तिला गप्प करू नकोस. मोशेचं बघ. गणनाच्या बाराव्या अध्यायात तो पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांहून नम्र होता असं लिहिलं आहे. पण निर्गमच्या चौथ्या अध्यायात हाच मोशे 'मी जड जिभेचा आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव' म्हणतो, तेव्हा परमेश्वराचा राग त्याच्यावर भडकतो. त्या नकाराला पवित्र शास्त्र कुठेही नम्रता म्हणत नाही. पुढे तो गेला, लोकांची कुरकुर सोसली, सगी बहीण आणि भाऊ विरोधात बोलले तरी स्वतःची बाजू मांडत बसला नाही. नम्र म्हटलं आहे ते तिथे.

पंडिता रमाबाई तर आपल्या घरातल्या. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आपली विद्वत्ता त्यांनी कधी नाकारली नाही. उलट हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, आणि न शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणून बायबल सोप्या मराठीत आणण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. एवढी विद्या त्यांनी कमी शिकलेल्या बाईच्या कामी लावली.

तूही गा. तयारी करून गा, कारण तयारी न करता उभं राहणं हा मंडळीचा अनादर आहे. ज्या सुरात म्हाताऱ्या माणसांनाही गाता येईल तो सूर धर, स्वतःचा आवाज जिथे खुलतो तो नव्हे. कुणी चूक दाखवली तर लगेच खुलासा देऊ नकोस, एक दिवस थांब. ज्या रविवारी दुसरा मुलगा गायन चालवेल त्या रविवारी त्याच्या मागे बसून मनापासून साथ दे. हे शेवटचं सगळ्यांत अवघड जातं. आणि 'छान गायलास' असं कुणी म्हटलं तर 'धन्यवाद' म्हण, तेवढंच.

ताई, सासूबाई अंथरुणाला खिळून आता बरीच वर्षं झाली. त्यांचं सगळं मी करते. दीर मंडळीत पंच आहेत. त्यांना मदत मागितली की म्हणतात, 'वहिनी, मी देवाच्या कामात असतो. तुमचा वधस्तंभ तुम्ही उचला, आशीर्वाद मिळेल.' महिला मंडळात माझं उदाहरण देतात. मला मात्र रात्री झोप नाही, कंबर गेली आहे, आणि हल्ली सासूबाईंवर खेकसते. मी स्वार्थी झाले आहे का?

बाई, तुम्ही दमला आहात. थकव्याला पाप समजू नका. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून 'आता माझा जीव घे' म्हणाला, तेव्हा देवाच्या दूतानं त्याला बोल लावला नाही. खायला दिलं, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाच्या डोंगराला, होरेबला, जायची गोष्ट त्यानंतरची.

दिरांना मार्कचा सातवा अध्याय वाचायला द्या. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला अर्पण केलं आहे, असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूनं फार कडक शब्दांत सुनावलं आहे. तुम्ही देवाचं वचन रद्द करता, असं तो त्यांना म्हणाला. पहिल्या तीमथ्याच्या पाचव्या अध्यायात तर मुलं आणि नातवंडं यांनी आधी आपल्या घरातल्यांचं पाहावं, आईवडिलांचे उपकार फेडावेत, असं स्पष्ट लिहिलं आहे. खुद्द प्रभूनं वधस्तंभावर असताना आईची सोय लावली, शिष्याच्या हाती तिला सोपवलं. मंडळीचं काम आहे म्हणून आईकडे पाहायला वेळ नाही, हे त्याच्या नावावर कुणी खपवू नये. आणि दुसऱ्याला त्याचा वधस्तंभ नेमून द्यायचा अधिकार पंचांनाही नाही.

मदत मागणं नम्रतेविरुद्ध आहे हे तुमच्या मनात कुणी भरवलं, कळत नाही. इथ्रोनं जावयाला, मोशेला, तोंडावर सांगितलं: तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि लोकही. मोशेनं ऐकलं आणि माणसं नेमली. यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटपात काहींकडे दुर्लक्ष होऊ लागलं, तेव्हा प्रेषितांनी कुण्या एकीला 'सोस' म्हणून सांगितलं नाही. मंडळीनं सात जण निवडले.

आता परिचारिका म्हणून सांगते. मदत मागताना 'जरा बघा' म्हणू नका, त्यातून काही निघत नाही. वार आणि वेळ ठरवून मागा: शनिवारी दुपारपासून रविवारी उपासना संपेपर्यंत आई तुमच्याकडे, किंवा तुम्ही इथे. कूस बदलायची पद्धत दिरांना तुम्ही स्वतः दाखवा. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं, ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलते. साधारण दर दोन तासांनी कूस, आणि प्रत्येक वेळी टाचा, माकडहाड, खुबे नजरेखालून घालायचे. लालसर डाग दिसला आणि तो दाबून बघितल्यावरही गेला नाही, तर त्या बाजूवर भार द्यायचा नाही आणि डॉक्टरांना कळवायचं. हे पुरुषांनाही उत्तम जमतं. मी कित्येक मुलांना शिकवलं आहे, आणि आईची पाठ पुसताना त्यांचे चेहरे बदललेले पाहिले आहेत. तुमचे दीर या गोष्टीला मुकत आहेत.

कंबरेसाठी स्वतः डॉक्टरकडे जा, पुढे ढकलू नका. खेकसलात तर सासूबाईंची माफी मागा, साध्या शब्दांत. त्यांनाही तुमची ओढाताण दिसत असते.

महिला मंडळाच्या वाचकांना एक विनंती. अशा बाईचं उदाहरण सभेत देण्याआधी तिच्या घरी जाऊन एक रात्र जागा.

आदरणीय ताई, मी निवृत्त शिक्षक. मंडळीत सचिव होतो, उपदेशही करत असे. पक्षाघातानंतर उजवी बाजू कामाची राहिली नाही. मुलगा आंघोळ घालतो, नातू बूट चढवतो. आयुष्यभर दुसऱ्यांची सेवा केली, आता नुसता भार झालो आहे. चाकाच्या खुर्चीवरून चर्चमध्ये जायची लाज वाटते, म्हणून जाणं सोडलं आहे. सेवा करता येत नाही त्यानं ख्रिस्ती जीवन कसं जगायचं?

बंधू, तुमचं पत्र डाव्या हातानं लिहिलेलं आहे हे अक्षरावरून कळलं. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पाय धुण्याच्या त्या प्रसंगात विरोध करणारा एकच शिष्य आहे. पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस. ऐकायला हे किती नम्र वाटतं! पण प्रभू त्याचं कौतुक करत नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं सांगतो. इतक्या कडक शब्दांची गरज त्याला का वाटली असेल? मला वाटतं, देणाऱ्याच्या जागी असलेल्या माणसाला आपली ताकद सोडवत नाही, आणि घेणाऱ्याच्या जागी बसलं की ती सोडावीच लागते. त्याच अध्यायात पुढे प्रभू शिष्यांना एकमेकांचे पाय धुवायला सांगतो. तसं करायचं तर प्रत्येकाला कधी ना कधी पाय पुढे करावे लागणारच. तुमची पाळी आता आली आहे. याच पेत्रानं पुढे मंडळ्यांना लिहिलं की नम्रता कमरेला बांधा.

रात्रपाळीत मला सारख्या हाका मारणाऱ्या रुग्णांची काळजी नसे. काळजी असे ती हाक न मारणाऱ्यांची. 'सिस्टरला कशाला त्रास' म्हणून अंधारात एकटे उठायचे आणि पडायचे. संकोचानं मोडलेली हाडं मी पुष्कळ पाहिली. तुम्ही रात्री उठताना मुलाला हाक मारता ना? नसाल तर आजपासून मारा.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. मुदपाकखान्याचं काम सगळ्यांनी आठवड्याच्या पाळीनं करायचं, आणि पाळी संपवणारा व सुरू करणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, असं त्यात आहे. पुढचाच नियम आजाऱ्यांविषयी आहे. त्यांची सेवा प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा समजून करावी, असं सांगून बेनेडिक्ट लगेच आजाऱ्यालाही त्याचं काम नेमून देतात: आपली सेवा देवाच्या सन्मानासाठी होते आहे हे त्यानं ध्यानात ठेवावं आणि अवाजवी मागण्या करून भावांना शिणवू नये. खाटेवरच्या माणसालाही त्यांनी जबाबदार धरलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमची जबाबदारी कोणती? मुलगा आंघोळ घालताना तोंड फिरवून बसू नका, त्याच्याशी बोला, त्याचा दिवस कसा गेला ते विचारा. नातवाला बूट चढवू द्या आणि त्या वेळी शाळेत शिकवलेलं एखादं काही सांगा. तुम्ही शिक्षक आहात, ते उजव्या हातात नव्हतं. सचिव होता तेव्हाच्या कुटुंबांची नावं तुम्हाला पाठ असतील. त्यातलं एक घर रोज घ्या, प्रार्थना करा, जमेल तेव्हा फोन करा. बोलणं अडखळलं तरी चालेल.

आणि या रविवारी चर्चला जा. पाळकसाहेबांना शनिवारीच कळवा की प्रभुभोजन तुमच्या जागेवर आणून द्यावं लागेल. कुठल्या दारानं खुर्ची आत येते ते मुलाला आदल्या दिवशी पाहून यायला सांगा. पायऱ्या असतील तर तरुण संघातली चार मुलं बोलवा.